गाडीला कळतं, मग आपल्याला का नाही?

तर झालं असं. मागच्या महिन्यातला रविवार. आई-बाबांना घेऊन जेजुरीला निघालो होतो. वर्षातून एकदा खंडोबाला जायचंच, हा आमच्या घरचा नियम आहे आणि मी गाडी घेतल्यापासून ड्रायव्हरची नोकरी माझ्याकडे. हडपसर, फुरसुंगी, वडकी सगळं सुरळीत. दिवे घाटाचा चढ सुरू झाला आणि दुसऱ्याच वळणावर गाडीने मान टाकली. ॲक्सिलरेटर दाबतोय, दाबतोय, पण गाडी ओढतच नाही. मागे वाळूचा ट्रक, त्याच्या मागे एसटी, दोघांचे हॉर्न. आणि समोर डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा तो पिवळा दिवा.

बाबा शेजारी बसले होते. त्यांनी आयुष्यात आधी चेतक आणि मग एक जुनी फियाट चालवली. रस्त्यात बंद पडली तर बॉनेट उघडायचं, प्लग काढून बघायचा, कार्ब्युरेटरला दोन टपल्या मारायच्या, चोक ओढायचा. त्यांनी दोन वाक्यं बोलली. पहिलं, "फक्त चढावर होतंय का रे? मघाशी सपाटीला तर बरी होती." आणि दुसरं, "तू इंजिनिअर ना? मग सांग की काय झालंय."

मी म्हणालो, "दिवा लागलाय बाबा. सर्व्हिस सेंटरला दाखवावी लागेल."

हे उत्तर द्यायला चार वर्षं इंजिनिअरिंग करावं लागत नाही :-)

ते उत्तर मला पुढे बरेच दिवस टोचत राहिलं. कारण गंमत बघा, त्या क्षणी गाडीतल्या चौघांपैकी एकाला नक्की माहीत होतं की काय झालंय. आई, बाबा, मी, आणि चौथा म्हणजे बॉनेटखालचा तो ॲल्युमिनियमचा डबा. ईसीयू. इंजिन कंट्रोल युनिट. त्याने तो प्रसंग आकड्यांसकट लिहून ठेवला होता. फक्त आम्हाला सांगितला नाही. आजचा लेख त्या डब्याबद्दल आणि त्याच्या या न सांगण्याबद्दल आहे.

आधी तो डबा करतो काय, ते बघू. आपल्यापैकी बहुतेकांना वाटतं की ॲक्सिलरेटर दाबला की पेट्रोल जास्त जातं. तसं नाहीये. आजच्या पेट्रोल गाडीत तुमचा पाय फक्त एक विनंती पाठवतो. पेडलला दोन सेन्सर असतात (दोन का, ते पुढे सांगतो). ते ईसीयूला सांगतात की साहेबांनी पेडल इतकं टक्के दाबलंय. ईसीयू विचार करतो आणि एका मोटरने थ्रॉटलची झडप उघडतो. झडप उघडली की हवा आत येते. किती हवा आली ते तो मोजतो आणि त्या हवेला साजेसं पेट्रोल स्वतः सोडतो. म्हणजे तुम्ही हवा मागता, पेट्रोल तो ठरवतो.

साजेसं म्हणजे किती? साध्या पेट्रोलसाठी १ किलोला १४.७ किलो हवा. या प्रमाणात दोघंही एकमेकांना पुरून संपतात. हवा जास्त झाली तर मिश्रण "लीन", पेट्रोल जास्त झालं तर "रिच". बाबांच्या फियाटमध्ये हे प्रमाण कार्ब्युरेटरच्या जेटचं भोक आणि मेकॅनिकचा स्क्रू-ड्रायव्हर ठरवायचा. थंडीत इंजिन सुरू होताना जास्त पेट्रोल लागतं, म्हणून चोक ओढायचा. आज ते काम कूलंटमधला एक छोटा थर्मिस्टर करतो. इंजिन थंड आहे असं त्याने सांगितलं की ईसीयू मिश्रण रिच करतो. म्हणजे चोक कुठे गेला नाही, त्याचा फक्त एक इफ-एल्स झाला.

आता वेग बघा. इंजिन ३००० आरपीएमवर फिरतंय म्हणजे सेकंदाला ५० फेरे. चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, म्हणजे सेकंदाला १०० ठिणग्या. दर १० मिलिसेकंदांना एक. प्रत्येक ठिणगी पिस्टन वर पोचायच्या थोडी आधी पडायला हवी, आणि किती आधी ते वेग आणि लोड बघून ठरतं. या वेगाला क्रँकशाफ्टचा एक अंश फिरायला सुमारे ५५ मायक्रोसेकंद लागतात. आमच्या ऑफिसात सर्व्हरने २०० मिलिसेकंदांत उत्तर दिलं की आम्ही खुश होतो. तेवढ्या वेळात या डब्याच्या २० ठिणग्या पडून गेलेल्या असतात.

पण क्रँक नेमका कुठे आहे, हे त्याला कळतं कसं? क्रँकबरोबर फिरणारी एक दातेरी चकती असते. पुष्कळ गाड्यांत ६० दातांची जागा असते आणि त्यातले दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. सेन्सर दात मोजत राहतो आणि ती फट आली की समजतो, इथून नवीन फेरा. इतकं साधं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा खरंच टाळी वाजवावीशी वाटली.

पेट्रोल ठरवायला ईसीयूच्या मेमरीत तक्ते असतात. एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि मधल्या चौकटींत आकडे. आपल्या एक्सेल शीटसारखंच. दोन चौकटींच्या मधली परिस्थिती असेल तर तो मधला आकडा काढतो. मग इंजेक्टर तेवढे मिलिसेकंद उघडतो. गाडी उभी असताना साधारण दोन-तीन मिलिसेकंद, बस्स.

पण तक्ता झाला कंपनीच्या टेस्ट बेंचवरचा. तुमची गाडी दहा वर्षं जुनी, फिल्टरमध्ये धूळ, इंजेक्टर थोडा तुंबलेला, पेट्रोल कुठल्या पंपावरचं कोण जाणे. तक्त्यावर आंधळा विश्वास ठेवून चालत नाही. म्हणून एक्झॉस्टच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसवतात. जळून झाल्यावर धुरात किती ऑक्सिजन उरला, हे तो सांगतो. साध्या प्रकारचा सेन्सर मिश्रण रिच असेल तर ०.८-०.९ व्होल्टच्या आसपास आणि लीन असेल तर ०.१ व्होल्टच्या आसपास. ईसीयू ते बघतो आणि पुढच्या वेळचं पेट्रोल किंचित कमी-जास्त करतो. पुन्हा बघतो, पुन्हा बदलतो. आपण पोहे करताना मीठ चाखून बघतो, तसं. फरक इतकाच की हा रोजच्या रोज, तास न् तास, न कंटाळता चाखतो.

या दुरुस्तीचे दोन आकडे असतात. एक आत्ताचा, त्याला शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिम म्हणतात. दुसरा शिकलेला, तो लाँग टर्म. आत्ताची दुरुस्ती सतत एकाच दिशेला करावी लागतेय असं दिसलं की ईसीयू ती सवय म्हणून लाँग टर्ममध्ये लिहून ठेवतो. याचं ताजं उदाहरण म्हणजे आताचं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे १४.७ चं गणित साधारण १३.५ वर येतं. तक्ता जुना असेल तर तेवढ्या हवेला जास्त इंधन लागतंय हे ऑक्सिजन सेन्सरमुळे कळतं, आणि ट्रिम काही टक्क्यांनी वर सरकतो. मिश्रण तो सांभाळून घेतो. इथेनॉलमध्ये मुळात ऊर्जाच कमी असते, त्याला मात्र बिचारा काही करू शकत नाही. ते ॲव्हरेजमधून जातंच.

थोडीफार ट्रिम म्हणजे रोजचं जगणं. पण ती वीस-पंचवीस टक्क्यांच्या घरात गेली की ईसीयू म्हणतो, हे आता सवयीचं नाही, कुठेतरी बिघाड आहे. तो एक कोड लिहितो. माझ्या गाडीचा कोड होता पी०१७१. 'पी' म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं खातं. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सामाईक. मग एक, म्हणजे हवा आणि इंधनाचं मोजमाप. एकूण अर्थ : मिश्रण फार लीन. आणि कोडबरोबर तो एक फोटो काढतो. फोटो म्हणजे आकड्यांचा. त्या क्षणी आरपीएम किती, वेग किती, लोड किती, कूलंट किती गरम, ट्रिम किती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचं तर स्टॅक ट्रेस!

आणखी एक. या प्रकारचा दोष एकदा दिसला म्हणून दिवा लगेच लागत नाही. आधी तो कच्च्या वहीत जातो. पुढच्या वेळी गाडी चालवताना पुन्हा दिसला तरच दिवा. म्हणजे दिवे घाटाच्या आधीही कधीतरी हे होऊन गेलं होतं आणि गाडीने ते मनात ठेवलं होतं. मला पत्ताही नाही.

आता पुढची गोष्ट. सोमवारी गाडी सर्व्हिस सेंटरला (नाव लिहीत नाही, मुद्दा त्या एका सेंटरचा नाहीच). मी काउंटरवर सांगितलं, "चढावर ओढत नाही, सपाटीला ठीक असते." बाबांचंच वाक्य. ॲडव्हायझरने जॉब कार्डवर लिहिलं, "चेक इंजिन लाइट ऑन". बाबांचं वाक्य तिथेच हरवलं. संध्याकाळी फोन : ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलावा लागेल. "नाही सुटलं तर मग कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बघू सर." सेन्सर बदलला. ८,७०० रुपये. दिवा विझला. मी खुश.

नवव्या दिवशी चांदणी चौकाच्या चढावर दिवा परत हजर.

या वेळी मात्र मी सरळ परत गेलो नाही. नऊशे रुपयांचा ब्लूटूथ डोंगल मागवला. स्टिअरिंगच्या खाली गुडघ्याजवळ १६ पिनांचं एक सॉकेट असतं, ओबीडीचं. भारतात एप्रिल २०१३ पासून बीएस-फोरच्या चारचाकींना ओबीडी-टू सक्तीचं झालं, माझी गाडी २०१५ ची, त्यामुळे सॉकेट होतंच. डोंगल लावला, मोबाइलवर ॲप उघडलं आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ही गाडी मालकाशी बोलली. (मी तिसरा मालक आहे. पहिल्या दोघांशी बोलली असेल तर माहीत नाही.)

हा संवाद इतका साधा आहे की हसू येतं. '०१ ०५' पाठवायचं म्हणजे कूलंटचं तापमान विचारायचं. जो एक बाइट येईल त्यातून ४० वजा करायचे, झालं. कॉलेजात लॅबमध्ये याहून अवघड असाइनमेंट असायच्या.

फ्रीझ फ्रेम वाचली. २८५० आरपीएम, ताशी ३४ किलोमीटर, लोड ७१ टक्के, शॉर्ट टर्म ९, लाँग टर्म १९. मग गाडी पार्किंगमध्ये नुसती सुरू ठेवून ट्रिम बघितले. दोन्ही मिळून तीन-चार टक्के! म्हणजे सेन्सर आधीही नीट होता, आत्ताही नीट आहे. तो खरं तेच सांगत होता. मिश्रण खरोखरच लीन होत होतं, आणि तेही फक्त इंजिनावर जोर आला की.

बाबा हेच म्हणाले होते. दिवे घाटात. पहिल्या मिनिटाला.

घराजवळच्या गॅरेजवाल्या काकांना मोबाइलवरचे आकडे दाखवले. त्यांना लाँग टर्म-बिर्म मध्ये रस नव्हता. म्हणाले, "चढावरच होतंय ना दादा? मग एकतर पेट्रोल पंप कमजोर, नाहीतर हवा कुठूनतरी फुकट आत येतेय." बॉनेट उघडलं, मला ब्रेकवर पाय ठेवून पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी थोडा सोडायला सांगितला. इंजिन जोर लावताना एका बाजूला झुकतं. ते झुकलं आणि एअर फिल्टरकडून थ्रॉटलकडे येणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या घडीत एक भेग अशी काही उघडली की जणू तोंडच उघडलं. इंजिन सरळ झालं, भेग मिटली. हवा मोजणारा सेन्सर या पाइपाच्या आधी असतो. भेगेतून आलेली हवा कोणी मोजलीच नव्हती. न मोजलेली हवा, तिला पेट्रोल नाही, मिश्रण लीन. पाइप ६५० रुपये, मजुरी दोनशे.

आता मुद्द्यावर येतो.

पी०१७१ मध्ये "ऑक्सिजन सेन्सर खराब" असं कुठेही लिहिलेलं नाही. कोड हे लक्षण आहे, निदान नाही. ताप आलाय म्हणून थर्मामीटर बदलण्यासारखं झालं हे. पण त्या टेक्निशियनलाही मी फार दोष देणार नाही. त्याच्यापुढे दिवसाला डझनभर गाड्या, जॉब कार्डवर चार शब्द, आणि पार्ट बदलणं हे शोधण्यापेक्षा सोपं. माझं दुखणं वेगळंच आहे. सेन्सर बदलल्यावर त्याने कोड पुसला. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जाते. म्हणजे दिवे घाटाचा जो पुरावा गाडीने जपून ठेवला होता, तो मी पैसे देऊन पुसून घेतला. आणि तो होता हेच मला माहीत नव्हतं!

विचार करा, तुम्ही लॅबमध्ये रक्त देता. रिपोर्ट येतो. लॅबवाला तो तुम्हाला देतच नाही, एक पिवळी चिठ्ठी देतो. तिच्यावर लिहिलंय : "डॉक्टरांना भेटा." डॉक्टर रिपोर्ट बघतात, औषध देतात आणि रिपोर्ट फाडून टाकतात. दुसऱ्या डॉक्टरकडे जायचं म्हटलं तर तुमच्या हातात काहीच नाही. आपण चालवून घेऊ का हे? गाडीच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालवून घेतोय.

पूर्वी समजू शकत होतं. दिवा आला तेव्हा डॅशबोर्डवर दिव्यांशिवाय काही नव्हतंच. कॅलिफोर्नियाने १९८८ पासून नव्या गाड्यांना स्वतःची तपासणी करायला लावलं आणि १९९६ पासून अमेरिकेतल्या सगळ्या नव्या गाड्यांना ओबीडी-टू आलं. तेव्हा हेतू होता हवेचं प्रदूषण, मालकाची सोय नव्हे. पण आज? आज नव्या गाडीत दहा इंची स्क्रीन असतो. तो गाणी दाखवतो, नकाशा दाखवतो, फोन कोणाचा आला ते दाखवतो. आणि इंजिनात बिघाड झाला की तोच पिवळा दिवा किंवा फार तर "सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा". तंत्रज्ञान नाही म्हणून असं होत नाही. सांगायचं नाही, असं कोणीतरी ठरवलंय.

माझा मित्र (ऑटोमोटिव्हमध्येच आहे) म्हणतो, "अरे, लोकांना आकडे दाखवले तर लोक घाबरतील, नाहीतर स्वतःच खटपट करतील. आणि सिक्युरिटीचं काय?" सिक्युरिटीचा मुद्दा खोटा नाही. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हालासेक या दोघांनी अमेरिकेत रस्त्यावर धावणारी एक जीप दूर बसून इंटरनेटवरून ताब्यात घेऊन दाखवली होती. कंपनीला सुमारे १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. पण मला सांगा, आपण रोज ऑफिसात काय करतो? रीड परमिशन वेगळी आणि राइट परमिशन वेगळी, हे आपण पहिल्या वर्षाच्या ट्रेनीला शिकवतो. मला माझ्या गाडीचा तक्ता बदलायचा नाहीये. मला फक्त वाचायचंय, आणि तेही गाडीच्याच स्क्रीनवर. उलट आत्ता काय होतं? वाचायचा दुसरा मार्ग नाही म्हणून माझ्यासारखे लोक कुठला तरी अनोळखी डोंगल थेट सॉकेटला लावतात. हे जास्त सुरक्षित आहे का? (डोंगल वापरत असाल तर काम झालं की काढून ठेवा. लावून विसरू नका.)

लोक घाबरतील, हाही मुद्दा मला पटत नाही. लोक आत्ताच घाबरतात, कारण दिवा काहीच सांगत नाही. पेट्रोलच्या टाकीचं झाकण नीट लागलं नाही तरी काही गाड्यांत तो लागतो आणि इंजिन मरायला टेकलं तरी तोच लागतो. निदान एवढं तरी सगळ्यांना माहीत हवं : दिवा स्थिर असेल तर सावकाश जाऊन दाखवा. दिवा लुकलुकत असेल तर सिलिंडर मिसफायर होतोय, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याला भाजून काढतंय. पाय काढा, गाडी बाजूला घ्या. हा फरक माझ्या ओळखीतल्या दहांपैकी किती जणांना माहीत होता? एकाला. आणि तो मी नव्हतो.

बाकी प्रश्न पैशांचा आहेच. २०१४ मध्ये आपल्या स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींवर दंड ठोठावला होता. त्यातला एक ठपका असा होता की सुटे भाग आणि दोष शोधायची साधनं बाहेरच्या गॅरेजना मोकळेपणी मिळू देत नाहीत. कंपन्या अपिलात गेल्या, ती लढाई लांबली. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, त्यात मोबाइल आणि शेतीच्या अवजारांबरोबर वाहनंही घेतली. म्हणजे सरकारदरबारी हे कोणाला ठाऊक नाही असं नाही. मागणी करायला आपण कमी पडतो. आपण गाडी घेताना सनरूफ आहे का विचारतो. दोषाचा कोड स्क्रीनवर दिसतो का, असं शोरूममध्ये कधी कोणी विचारलंय?

माझ्या मागण्या तीनच आहेत. एक, दिवा लागला की स्क्रीनवर कोड, एका साध्या वाक्यात अर्थ (मराठीत दिला तर सोन्याहून पिवळं) आणि फ्रीझ फ्रेम दिसावी. दोन, सर्व्हिस सेंटरने कोड पुसण्याआधी तो जॉब कार्डवर छापावा, आकड्यांसकट. माझ्या गाडीचा कागद आहे, माझ्याकडे हवा. तीन, घराजवळच्या काकांनाही तीच माहिती परवडेल अशा किमतीत मिळावी. कारण शेवटी भेग शोधली ती त्यांनी, डोंगलने नाही.

आणि हे होईपर्यंत तुम्ही एक करा. गाडी दाखवायला नेलीत तर "कोड पुसू नका, आधी मला फोटो काढू द्या," एवढंच म्हणा. आणि दिवा लागला तेव्हा चढ होता की सपाटी, इंजिन थंड होतं की गरम, हे लिहून ठेवा. नाहीतर फ्रीझ फ्रेम तुमच्या डोक्यातूनही पुसली जाते.

पेडलला दोन सेन्सर का, ते सांगायचं राहिलं. दोघं एकच गोष्ट मोजतात, पण वेगवेगळ्या व्होल्टेजमध्ये. बऱ्याच गाड्यांत एकाचं उत्तर दुसऱ्याच्या बरोबर निम्मं. ईसीयू सतत ताडून बघतो. दोघांची साक्ष जुळली नाही तर तो कोणावरच विश्वास ठेवत नाही, ताकद कमी करतो आणि गाडीला हळूहळू घरी पोचू देतो. मला हे फार आवडलं. एका साक्षीवर निकाल द्यायचा नाही. माझ्या गाडीच्या बाबतीतही दोन साक्षी होत्या. फ्रीझ फ्रेमची आणि बाबांची. दोन्ही जुळत होत्या. ऐकायला कोणी नव्हतं इतकंच.

हे सगळं लिहून झाल्यावर वाटलं, आपण फार शहाणपणा शिकवतोय. कारण मागच्याच आठवड्यात मी स्वतः लिहिलेल्या एका स्क्रीनवर एरर आली की काय दिसतं माहितीये? "काहीतरी चुकलं. कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा." सर्व्हरच्या लॉगमध्ये नेमकं कारण ओळ क्रमांकासकट पडलेलं असतं. युजरला मी पिवळा दिवा दाखवतो. लॉग फक्त मला दिसतो. म्हणजे त्या डब्याच्या पलीकडे बसून "सांगायचं नाही" असं ठरवणारा जो कोणी आहे, तो माझ्यासारखाच असणार. शुक्रवारी संध्याकाळी घरी जायची घाई असलेला.

सोमवारी तो मेसेज बदलायचं तिकीट मी स्वतःच्या नावावर टाकलंय. बघू, मॅनेजर काय म्हणतो.

आणि बाबांना सांगितलं की पाइप फाटला होता, तुम्ही म्हणालात तसं चढावरच व्हायचं. ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग ते आठ हजार कशाचे दिलेस?"

असो. चहा गार होतोय.